बाराखडी पाठ आहे, मग वाचता का येत नाही?

पाच वर्षांचं मूल 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत घडाघडा म्हणून दाखवतं, बाराखडीही तालासुरात म्हणतं, आणि 'पी' हे एकच अक्षर कागदावर लिहून समोर धरलं की गप्प होतं. घरच्यांना वाटतं, येतंय सगळं, पण लक्ष नाही. खरं तर त्याला येतं ते गाणं. 'प पा पि पी' या ओळीत चौथं काय येतं हे त्याला ठाऊक आहे. दुसरी वेलांटी दिसली की तोंडातून 'ई' निघणं हे निराळं काम आहे, आणि वाचायला तेच लागतं.

म्हणून घरी सुरुवात करताना तक्ता भिंतीवर लावून पाठांतराला बसवू नका. तीन ते सहा या वयात घरच्यांनी करायचं काम तीन प्रकारचं आहे: मुलाच्या कानाला शब्दातले तुकडे ऐकू यायला लावायचे, पुस्तकातली भाषा त्याच्या कानावर घालायची आणि बोटांना काम द्यायचं. अक्षरं त्यानंतर येतात आणि मग लवकर येतात.

आधी कान

मराठी लिपी सोपी आहे असं आपण म्हणतो, कारण बरंचसं बोलतो तसं लिहितो. पण त्यासाठी 'बाहुली' या शब्दात 'बा', 'हु', 'ली' असे तुकडे आहेत हे आधी ऐकू यावं लागतं. लहान मुलाला शब्द अखंड ऐकू येतो. त्याच्यासाठी बाहुली म्हणजे ती खेळायची बाहुली. तिचे तुकडे पडतात हे त्याच्या गावीही नसतं.

टाळ्या वाजवून शब्द तोडायचा खेळ चार वर्षांच्या मुलाला सहज जमतो. टोपीला दोन टाळ्या, बाहुलीला तीन, पपईला तीन. इथे मोठ्यांची एक चूक हमखास होते. शब्द निवडताना ते 'नाक', 'घर', 'फूल' घेतात आणि दोन टाळ्यांची अपेक्षा धरतात, कारण लिहिताना अक्षरं दोन दिसतात. पण आपण बोलतो 'नाक्', 'घर्'. शेवटचा 'अ' उच्चारात गळून पडतो. मूल एकच टाळी वाजवतं आणि ते बरोबर असतं. सुरुवातीला ज्यांच्या शेवटी काना, वेलांटी किंवा मात्रा आहे असेच शब्द घ्या: मामा, गाडी, केळी, पुरी, मासोळी.

टाळ्या जमल्या की पहिला आवाज. "मला असं काहीतरी दिसतंय, जे 'मा' ने सुरू होतं." माठ, मासा, मांजर. स्वयंपाकघरात, रिक्षात, रांगेत कुठेही चालणारा खेळ. यात 'ण' आणि 'ळ' घेऊ नका, या दोन अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. तक्त्यावरसुद्धा नाइलाजाने 'बाणातला ण' आणि 'बाळातला ळ' असतो. ते दोघे पुढच्या खेळात येतात: शेवटचा आवाज. त्यासाठी आपल्याकडे भेंड्या आहेतच. गाण्यांऐवजी शब्दांच्या भेंड्या लावा: टोपी, पीठ, ठसा, साखर, रताळं. पाच वर्षांचं मूल यात अडखळत का होईना टिकलं, तर अक्षरं शिकायला त्याचा कान तयार आहे असं समजा. बडबडगीतांचा उपयोगही हाच आहे. यमक जुळलं की शब्दाच्या अर्थाकडून आवाजाकडे लक्ष जातं. स्वतः रचून म्हटलं तरी चालेल, 'गोटी–रोटी–छोटी–मोटी' एवढंही पुरतं. 'मोटी' असा शब्द मराठीत नाही म्हणून मूल हसतं, म्हणजे त्याने नीट ऐकलं.

पुस्तक वाचून दाखवताना

रोज दहा-पंधरा मिनिटं, शक्यतो ठरलेल्या वेळी. मूल मांडीवर किंवा शेजारी हवं, समोर नको. समोर बसलं तर त्याला अक्षरं उलटी दिसतात. वाचताना ओळीखालून बोट फिरवा, प्रत्येक शब्दावर ठोकत नाही, सरकत. मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, ओळ संपली की खाली उतरतो आणि चित्र बोलत नाही, ही काळी अक्षरं बोलतात, एवढं त्याला या बोटातून कळतं. हे कोणी वेगळं शिकवत नाही आणि ज्या मुलांना घरात पुस्तक मिळालेलं नसतं त्यांची पहिलीतले दोन-चार आठवडे याच समजुतीत जातात.

प्रश्न कमी विचारा. पानापानावर "हे काय? याचा रंग कोणता?" सुरू झालं की गोष्टीची परीक्षा होते आणि मूल उठून जातं. एका गोष्टीत दोन-तीन प्रश्न पुरेत, तेही ज्यांचं उत्तर चित्रात दिसत नाही असे: आता हा काय करेल? ती का रुसली असेल? तू असतास तर? उत्तर यायला वेळ लागतो. मनात पाचपर्यंत मोजा, मगच पुढे बोला.

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागणं चांगलं लक्षण आहे. वाक्यं पाठ झाली की मूल पुस्तक हातात धरून 'वाचल्यासारखं' करतं. "खोटं खोटं वाचतोय" म्हणून त्याला हसू नका. पाठ असलेलं वाक्य आणि छापलेली ओळ यांची जोडी लावायचा तो पहिला प्रयत्न असतो. अशा वेळी एखादा ओळखीचा शब्द दाखवून "यात 'मांजर' कुठे लिहिलंय?" एवढं विचारा.

घरची बोली वेगळी असेल तर एक पायरी आणखी लागते. घरात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोकणी, गोंडी किंवा कोरकू बोलत असाल तर गोष्ट पहिल्यांदा चित्रं दाखवत घरच्या बोलीत सांगा. दुसऱ्या दिवशी पुस्तकात आहे तशी वाचा. अर्थ आधीच माहीत असला की छापील भाषा ऐकायला मूल मोकळं असतं. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला मधेच थांबवून 'पाणी' म्हणायला लावण्याची ही वेळ नाही. ऐकून ऐकून त्याचा कान 'ण' पकडेल.

पुस्तकं महाग आहेत ही अडचण खरी आहे, पण अडून बसावं इतकी नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीवर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट वाचता आणि उतरवून घेता येतात आणि त्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. घरी पहिली पातळी घ्या, एका पानावर एखाद-दुसरं वाक्य असतं. नॅशनल बुक ट्रस्ट आणि ज्योत्स्ना प्रकाशन यांची मराठी चित्रपुस्तकंही लहान मुलांसाठी आहेत. मोबाइलवर वाचणार असाल तर आवाज बंद ठेवून तुम्हीच वाचा. आपोआप बोलणारी गोष्ट मूल ऐकतं, अक्षरांकडे बघत नाही.

अक्षरं कोणत्या क्रमाने

वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागेवरून लावलेला आहे. कंठातून निघणारे आधी, मग टाळूला जीभ लागणारे, शेवटी ओठांचे. भाषेच्या अभ्यासाला तो क्रम सुंदर आहे, पाच वर्षांच्या मुलाला निरुपयोगी. 'क ख ग घ ङ' शिकून एक धड शब्द होत नाही, आणि 'ङ' तर मुलाच्या आयुष्यात कुठेच भेटत नाही. म्हणून अक्षरं गटांनी घ्यायची: चार-पाच अक्षरं आणि त्यांच्याबरोबर एक मात्रा (म्हणजे काना, वेलांटी असं एखादं स्वरचिन्ह), अशी की त्यातून लगेच ओळखीचे शब्द निघावेत. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी हे काम अनेक वर्षं झालेलं आहे.

घरी करायला एक गट असा घ्या: क, न, म, र आणि काना. एवढ्यातून काका, मामा, नाना, कान, नाक, मान, रान, काम, मका, कमान, नकार हे शब्द तयार होतात. 'कान' आणि 'नाक' ही जोडी तर सोन्यासारखी आहे. तीच दोन अक्षरं, तोच काना, जागा बदलली की शब्द बदलला. मुलाला क्रमाचं महत्त्व यापेक्षा सोपं दाखवता येत नाही. आणि पहिल्याच गटात वाक्यही होतं: 'मामा, काम करा.'

दुसऱ्या गटात ब, त, घ, ल आणि दुसरी वेलांटी. आता बाबा, घर, घार, लाल, तार, माती, काकी, मामी, मी, मला असे शब्द येतात, आणि 'काकी, ताक घाला' हे वाक्य मूल स्वतः वाचतं. स्वतः वाचलेल्या पहिल्या वाक्याचा आनंद मुलाला पुढचे दोन महिने पुरतो, आणि तो लवकर मिळावा म्हणूनच मात्रा सगळी अक्षरं संपेपर्यंत थांबवून ठेवायच्या नाहीत.

पत्ते घरीच करा. लग्नपत्रिकेचा जाड कागद, साधारण सहा सेंटिमीटरचे चौकोन, जाड मार्करने अक्षर तीन-चार सेंटिमीटर उंच. काना आणि वेलांटी वेगळ्या अरुंद पट्टीवर लाल रंगात. 'क' शेजारी कानाची पट्टी ठेवली की 'का', काढली की 'क'. मुलाला हाताने ठेवू-काढू द्या. मात्रा म्हणजे अक्षराला चिकटलेला आवाज, हे या ठेवण्या-काढण्यात कळतं. 'कला काना का, मला काना मा' असं म्हणायला लावू नका. वाचताना मूल तेच मनात म्हणत बसतं आणि 'मका' वाचेपर्यंत सुरुवात विसरतं.

'क कमळाचा' हेही बेताने. ओळख करून द्यायला ठीक आहे, पण वाचायची वेळ आली की 'क' बघून तोंडातून 'कमळ' निघतं. पत्ता दाखवल्यावर फक्त 'क' म्हणा, तोही तोकडा. 'कऽऽ' असा लांबवला तर 'कऽ–मऽ' जोडून शब्द होत नाही.

पहिल्या गटाला दोन ते तीन आठवडे लागतात, दिवसाला दहा मिनिटं धरून. गट पक्का झाला का हे बघायचं तर पत्ते पिसून एकेक दाखवा, ओळीने नको. पाचपैकी चार लगेच ओळखले तर पुढे जा. नाही ओळखले तर तोच गट नव्या खेळात घ्या: पत्ते पालथे घालून जोड्या लावणं, अंगणात खडूने अक्षरं काढून सांगितलेल्या अक्षरावर उडी मारणं.

सारखी दिसणारी अक्षरं एकाच गटात येऊ देऊ नका. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, थ आणि य, ड आणि इ, व आणि ब. एक पक्कं होऊन महिना झाला की दुसरं आणा. दोन्ही एकदम दिलीत तर मूल फरक शिकत नाही, गोंधळ शिकतं, आणि तो तिसरीपर्यंत पुरतो. 'ख' जुन्या पुस्तकांत 'र' आणि 'व' असा सुटा छापलेला दिसतो, तिथेही ठेच लागते. 'ल' आणि 'श' यांची तर दोन-दोन रूपं आहेत: मराठी पुस्तकात एक, मोबाइलच्या बऱ्याच फाँटमध्ये दुसरं. मूल म्हणालं की "हा ल नाही", तर ते डोळसपणे बघतंय. दोन्ही शेजारी लिहून दाखवा आणि सांगा की दोन्ही ल च.

च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत: 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च, 'जीभ' मधला ज आणि 'जाड' मधला ज. लिपी हा फरक दाखवत नाही. मुलाने 'चाक' शब्द 'चार' सारखा वाचला तर "असा काही शब्द आहे का?" एवढं विचारा, ते स्वतःच दुरुस्त करतं.

जोडणं जमत नाही तेव्हा

अक्षरं येतात पण शब्द होत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. मूल 'ब… द… क' असं सुटं वाचतं आणि शब्द विचारला की 'कबूतर' म्हणतं. तीन सुटे आवाज डोक्यात धरून ठेवणं त्याला जड जातं. दोन-दोनने घ्या: 'ब' आणि 'द' जोडून 'बद', मग 'बद' म्हणत असतानाच 'क'. बोटाने पुढचं अक्षर झाकून ठेवा आणि सरकवत उघडा. आवाज न तोडता म्हणा, जणू गाण्यातला एक सूर.

शेवटच्या अक्षरातला 'अ' इथेही खोडा घालतो. मूल 'बदकऽ' असं पूर्ण म्हणतं आणि शब्द ओळखू येत नाही. मधला 'अ' सुद्धा गळतो: 'सरबत' आपण 'सर्बत' म्हणतो. अशा वेळी मुलाने वाचलेलं तुम्ही एकदा भराभर म्हणा आणि विचारा, "कुठला शब्द वाटतो?" छापलेल्यावरून बोललेल्याकडे जायची ही उडी त्याला दहा-वीस शब्दांत जमते.

पहिली वेलांटी ही मराठीतली खास अडचण. 'दिवा' मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते, नंतर 'द', पण म्हणताना उलटं. मूल वेलांटी मागच्या अक्षराला जोडतं. 'कविता' वाचताना 'कि-व-ता' असं काहीतरी होतं. त्याला सांगायचं, ही वेलांटी पुढच्या अक्षराचा हात धरते. लाल पट्टीने दाखवलं की लवकर कळतं. म्हणूनच पहिल्या गटांत दुसरी वेलांटी घ्यायची आणि पहिली वेलांटी महिनाभर मागे ठेवायची.

जोडाक्षरं आणि 'र' ची चार रूपं (सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या) ही पहिलीच्या मध्यापासून पुढची कामं आहेत. घाई नको. मूल ती बोलतं आहेच, 'चप्पल', 'बस्स', 'कुत्रा' रोज तोंडात असतात. अनुस्वाराबद्दल इतकंच सांगावं की टिंबाचा आवाज पुढच्या अक्षरावर ठरतो: 'आंबा' म्हणताना ओठ मिटतात, 'कंदील' म्हणताना जीभ दातांमागे जाते. आरशासमोर म्हणून बघा, मुलांना आवडतं.

लिहिण्याआधी हात

तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन 'अ' गिरवायला लावला तर दोन गोष्टी होतात: पेन्सिल मुठीत धरण्याची सवय पक्की होते आणि लिहिण्याचा कंटाळा येतो. बोटांच्या चिमटीत ताकद आल्याशिवाय अक्षराला वळण येत नाही. ती ताकद वह्यांतून येत नाही. मटार सोलणं, शेंगा फोडणं, मेथी निवडणं, कणकेच्या गोळ्या करणं, दोरीवर कपड्यांना चिमटे लावणं, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे रांगोळीचे ठिपके. अंगठा आणि तर्जनीतून रांगोळी सोडताना हाताची जी ठेवण होते, जवळपास तीच पेन्सिलीला लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा बिया, खडे, पानं, शिंपले हेच साहित्य वापरलं. विकतचे संच तेव्हा परवडणारे नव्हते, आजही त्यांची फारशी गरज नाही.

पेन्सिल द्यायची तर छोटी द्या, पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा. लांब पेन्सिलीवर पूर्ण मूठ बसते, तुकड्यावर तीन बोटंच मावतात. खडूचाही दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा. पाटी अजूनही चांगली: दगडी पाटीवर पेन्सिल थोडी अडते, त्यामुळे हाताला रेघेचा अंदाज येतो, आणि चुकलं की पुसता येतं. पुसता येतं म्हणून मूल धीट होतं.

बैठक बघा. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा डबा ठेवा. जमिनीवर बसत असेल तर वही मांडीवर नको, चौरंग किंवा उंच पाट हवा. एकाच बैठकीत पाच ते दहा मिनिटं पुरेत.

डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा हात बदलू नका. कागद त्याच्या शरीराच्या मध्यापासून जरा डावीकडे ठेवा, वरची बाजू उजवीकडे कललेली, आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकत नाही. शेजारी उजव्या हाताने लिहिणारं भावंड असेल तर या मुलाला डाव्या टोकाला बसवा, कोपर लागत नाही.

अक्षराचा आकार शिकवताना गट पुन्हा वेगळे होतात, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. वाचायला सारखी अक्षरं लांब ठेवायची, पण लिहायला सारखी एकत्र घ्यायची: व, ब, क; र, स, ख; प, ष, फ; ग, म, न; ट, ठ, ढ. एक वळण हाताला बसलं की पुढचं त्यातूनच निघतं. विरोधाभास दिसतो तेवढा नाही. लिहायला घ्यायचं ते अक्षर वाचायला आधीच पक्कं झालेलं असलं पाहिजे, एवढं पाळलं की गोंधळ होत नाही. क्रम साधारण असा: डावीकडचा आकार, मग उभी रेघ वरून खाली, शिरोरेषा शेवटी डावीकडून उजवीकडे. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदम ओढली तर शब्द एक दिसतो आणि दोन शब्दांमधली जागाही आपोआप कळते. सुरुवातीला कोरा कागद, मग दुरेघी वही, एकेरी वही पहिलीच्या उत्तरार्धात.

आणि कित्ता? एक ओळ पुरे. पानभर 'अ' काढताना पहिल्या ओळीतला 'अ' उत्तम असतो, शेवटच्या ओळीतला कसाही. मूल वरच्या 'अ' कडे बघत नाही, स्वतःच्या आधीच्या अक्षराची नक्कल करतं, मग चूकही उतरत जाते. गिरवून झाल्यावर पान झाकून "आता न बघता काढ" म्हणा. तिथे काढता आलं तरच ते आलं.

लिहिणं म्हणजे सांगणंही

हात तयार व्हायच्या आधीपासून मूल लेखक होऊ शकतं, फक्त लेखणी तुमच्या हातात असते. त्याने काढलेल्या चित्राखाली ते सांगेल ते वाक्य लिहा, अगदी त्याच्या शब्दांत. "मी आजीकडं गेलती" असं सांगितलं तर तसंच लिहा, सुधारून नको. लगेच बोट फिरवत वाचून दाखवा. आपण बोललो ते कागदावर थांबलं आणि परत ऐकू आलं, हे त्याला पहिल्यांदा दिसतं.

त्यानंतर मूल स्वतः लिहू लागतं आणि ते वेडंवाकडं असतं. किराणाच्या यादीत 'साखर' चं 'सकर' होतं, 'पाणी' चं 'पन', 'आंबा' चं 'अब'. काळजी करण्यासारखं काही नाही. 'पन' लिहिणाऱ्या मुलाला शब्दात दोन तुकडे ऐकू आले, दोन्हींची मुख्य अक्षरं जवळपास बरोबर पकडली, फक्त मात्रा राहिल्या. मुलं आधी अक्षर पकडतात, मग मात्रा, मग अनुस्वार आणि जोडाक्षर. त्याची यादी त्याच्या समोर वाचा: "पा… णी. 'पा' म्हणताना तोंड उघडतं ना? मग तिथे काय लावायचं?" एक दुरुस्ती, बस. बाकीचं तसंच राहू दे, आणि यादी खरोखर दुकानात घेऊन जा. लाल शाईने सगळ्या चुका खुणावल्या तर पुढच्या वेळी मूल फक्त खात्रीचे शब्द लिहितं, म्हणजे 'मका' आणि 'काका'.

ऱ्हस्व-दीर्घ तर इतक्यात काढूच नका. 'फूल' पण 'फुले', हे ऐकून कळत नाही, नियमाने कळतं आणि नियम कळायला तिसरी-चौथी लागते.

उलटी अक्षरं, आरशात दिसावी तशी, सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं काढतात. अंकांचंही तेच, आणि त्यात दिनदर्शिकेवर दोन प्रकारचे अंक असतात: मराठी एक इंग्रजी नवासारखा, मराठी चार इंग्रजी आठासारखा, मराठी सात इंग्रजी सहासारखा. इंग्रजी माध्यमातलं मूल इथे हटकून चुकतं. आधी एक संच पक्का करा, दुसरा नंतर.

इंग्रजी माध्यम आणि परदेश

शाळा इंग्रजी असेल तर घरी मराठी वाचन कशाला, असं वाटतं. उलट आहे. मुलाला मराठी बोलता येतं, लिपी बरीचशी ऐकू येईल तशी आहे, म्हणून 'अक्षर बघून आवाज, आवाज जोडून शब्द' ही युक्ती मराठीत लवकर हाती लागते आणि इंग्रजीला उपयोगी पडते. फक्त दोन्ही लिपींची अक्षरं एकाच दिवशी नवी देऊ नका. परदेशातल्या घरांमध्ये लिपीपेक्षा शब्द कमी पडतात. 'विळी', 'सूप', 'फडताळ' हे ऐकलेच नसतील तर वाचूनही काही हाती लागत नाही. तिथे आजी-आजोबांकडे आणि मुलाकडे एकाच पुस्तकाची एकेक प्रत असावी, व्हिडिओ कॉलवर आजीने वाचायचं आणि मुलाने इकडे पानं उलटायची.

किती व्हायला हवं, आणि कधी दाखवायचं

शेजारच्या मुलाला साडेतीनला वाचता येतं, म्हणून घाबरू नका. केंद्राच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानातली अपेक्षा बघा: पहिलीच्या आधीच्या वर्षात अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखणं, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं. मिनिटाला साठ शब्द समजून वाचणं ही तिसरीची गोष्ट आहे.

पण काही वेळा थांबून चालत नाही. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्या कोणालाच समजत नसेल, वारंवार सर्दी आणि कान वाहणं असेल, पुस्तक नाकाशी धरत असेल किंवा एक डोळा मिटून बघत असेल, तर वाचन बाजूला ठेवून आधी कान आणि डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात, तेव्हा तुम्हाला दिसलेलं त्यांना स्पष्ट सांगा. थोडंसं कमी ऐकू येणारं मूल 'प' आणि 'ब', 'त' आणि 'द' यांत गोंधळतं आणि घरात त्याला 'लक्ष नसलेलं' म्हणतात.

कान-डोळे ठीक आहेत, वर्षभर नियमित शिकवलं आहे, आणि सात वर्षं पूर्ण होऊनही शिकवलेल्या अक्षरांपैकी बरीच रोज नव्याने शिकवावी लागतात, यमक जुळत नाही, शब्दाचे तुकडे पडत नाहीत, तर शाळेशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलून अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनातल्या अडचणीची) तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती मान्य केलेली आहे आणि तिच्यासाठी शाळेत सवलती मिळतात. तपासणीला जाताना मुलाने लिहिलेले गेल्या सहा महिन्यांतले कागद तारखा घालून बरोबर न्या, चुका न खोडता.